नववीचं वेळापत्रक आधी मागा

दोह्याच्या अल मन्सूरातल्या मराठी घरात मुलाची माध्यमिक शाळा ठरवताना बसचा मार्ग, फी आणि दहावीचा निकाल, एवढं बहुधा पाहिलं जातं. मुलाला डिस्लेक्सिया, ऑटिझम किंवा लक्ष टिकवण्याची अडचण असली, की स्पेशल एज्युकेटर आहे का, हेही विचारलं जातं. प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्याही आधी विचारावं, असं मला वाटतं, की नववीत या शाळेत नेमके कोणते विषय शिकवतात?

दोह्यातल्या बहुतेक भारतीय शाळा सीबीएसईच्या, आणि या मुलांच्या बाबतीत हे बोर्ड कागदावर तरी बरंच उदार आहे. तीन तासांच्या पेपरला एक तास जादा, गरजेप्रमाणे लेखनिक, तिसऱ्या भाषेतून सूट. दहावीला दोनऐवजी एकच भाषा घेऊन बाकीचे चार विषय गणित, विज्ञान, समाजशास्त्र, दुसरी भाषा, संगीत, चित्रकला, गृहविज्ञान, हिशेबलेखन अशांतून निवडता येतात. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी-हिंदी अशी कसरत करणाऱ्या मुलाला एक भाषा कमी होणं म्हणजे केवढा दिलासा! मात्र सवलत बोर्ड देतं, विषय शिकवते ती शाळा. चित्रकलेच्या बाई आठवीपर्यंतच असतील, किंवा गृहविज्ञान त्या शाळेत कधी सुरूच झालं नसेल, तर परिपत्रकातलं स्वातंत्र्य परिपत्रकातच राहतं. बोर्डाकडे नोंदणी नववीतच होते, आणि दहावीत थेट दुसऱ्या शाळेत जाणं नियमांमुळे अवघड. म्हणून हे सगळं आठवीतच उलगडायला हवं. सवलतींसाठी लागणाऱ्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचंही तसंच. ते सुट्टीत गावी गेल्यावर काढू म्हटलं, तर तपासणीची तारीख मिळेपर्यंत परतीच्या विमानाची वेळ होते.

विषय सोडले तर पुढच्या वाटा बंद होतील, ही आई-वडिलांची धास्ती खोटी नाही. गणित-विज्ञान नसेल तर महाराष्ट्रात परतल्यावर अकरावी सायन्सचा विचार जवळजवळ सोडावाच लागतो. पण जे मूल त्या वाटेने जाणारच नाही, त्याची दोन वर्षं केवळ ती वाट मोकळी राहावी म्हणून खर्ची घालायची का? शिवाय मधला मार्ग आहे. 2020 च्या परीक्षेपासून सीबीएसईत 'बेसिक' गणित घेता येतं. अभ्यासक्रम तोच, वर्गही तोच, फक्त प्रश्नपत्रिका सोपी. गणित सोडण्याआधी ते तरी पाहावं.

दुसरा आक्षेप असा, की शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसणारी मदतनीस, ठेवली की कुठलीही शाळा चालते. इथे मात्र पुरावा उलट दिशेचा आहे. पीटर ब्लॅचफर्ड यांच्या चमूने इंग्लंड-वेल्समध्ये केलेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, 8,200 मुलांमध्ये, ज्यांना मदतनिसाचा आधार जास्त त्यांची प्रगती कमी दिसली, आणि मुलांची आधीची पातळी व अडचणी हिशेबात धरूनही ती कमीच राहिली. शेजारी कायम कुणीतरी बसलेलं असलं, की विषयाचे शिक्षक त्या बाकाकडे कमी वळतात. मदतनीस नकोच असं नाही. पण तिच्यावर सगळं सोपवून शाळा मोकळी होत असेल, तर तो पैसा पालकांचा आणि नुकसान मुलाचं.

काही मुलांना सर्वसाधारण वर्ग झेपतच नाही, हेही मान्य करायला हवं. शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांसाठी कतार फाउंडेशनची आवसज अकॅडमी आहे, ऑटिझमसाठी रेनाद अकॅडमी, आणि मुक्त शिक्षणाची एनआयओएस ही सवडीने विषय पूर्ण करण्याची सोय. तिथे गेलं म्हणजे हरलो, असं मानायचं कारण नाही. पण निवड अजून व्हायची असेल, तर शाळेच्या भेटीहून नुसतं गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. चालू वर्षाचं नववीचं वेळापत्रक मागा, आणि आपल्या मुलाचे पाच विषय त्यात एकमेकांवर न येता बसतात का, ते मुख्याध्यापकांच्या समोरच पेन्सिलीने खूण करून पाहा.