व्हर्च्युअल मशीनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना ड्रायव्हर अडतो तेव्हा



युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी मराठी टायपिंगच्या प्रत्येक सॉफ्टवेअरची अक्षरं साठवायची पद्धत वेगळी होती. त्या काळात टाइप केलेले दाखले, प्रश्नपत्रिका, शाळेची स्मरणिका आजच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मराठीच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. ते सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालायचं आणि एक्सपीचा कॉम्प्युटर आता शेवटच्या घटका मोजतोय. अशा वेळी नव्या कॉम्प्युटरमध्ये व्हर्च्युअल मशीन बनवून त्यात एक्सपी टाकणं हा चांगला मार्ग आहे. पण तिथे हमखास आडवा येतो तो ड्रायव्हर. डिस्क दिसत नाही, इंटरनेट येत नाही, स्क्रीन टीचभर राहते. आणि मग "जाऊ दे, जमत नाही" म्हणून त्या फाइल तशाच बंद राहतात.

चला तर मग, आज हाच विषय मुळापासून समजून घेऊ. एकदा कारण कळलं की उपाय पाठ करावे लागत नाहीत.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा

ऑपरेटिंग सिस्टिमला नेटवर्क कार्डाची किंवा डिस्क कंट्रोलरची भाषा आपोआप येत नाही. दोघांच्या मध्ये बोलणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, तो ड्रायव्हर. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम येतानाच काही ड्रायव्हर बरोबर घेऊन येते. पण ती बाजारात आली त्या वर्षापर्यंतचेच! विंडोज एक्सपी २००१ सालची. नंतर आलेल्या हार्डवेअरची तिला ओळख नसणार, हे उघड आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. व्हर्च्युअल मशीनला तुमचं खरं हार्डवेअर दिसतच नाही. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर किंवा केव्हीएम तिच्यासमोर नकली हार्डवेअर उभं करतात. तुमच्या लॅपटॉपमध्ये कुठल्याही कंपनीचं वायफाय असो, आतल्या विंडोजला मात्र "माझ्याकडे इंटेलचं जुनं वायरचं नेटवर्क कार्ड आहे" असंच वाटतं. म्हणून लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवरून ड्रायव्हर उतरवून व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकायचा खटाटोप करू नका. त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

यातूनच एक मोठी सोय मिळते. खऱ्या कॉम्प्युटरमध्ये कार्डाला ड्रायव्हर नसेल तर ड्रायव्हर शोधत फिरावं लागतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये तुम्ही कार्डच बदलू शकता, तेही एका क्लिकमध्ये. म्हणजे उपाय दोन: सिस्टिमला ड्रायव्हर द्या, नाहीतर सिस्टिमला ओळखीचं हार्डवेअर द्या. जुन्या सिस्टिमसाठी दुसरा उपाय बहुतेक वेळा सोपा पडतो.

आधी ओळखा: अडचण बाहेर की आत?

खरा कॉम्प्युटर म्हणजे होस्ट आणि आतला नकली कॉम्प्युटर म्हणजे गेस्ट. मशीन सुरूच होत नसेल तर अडचण होस्टवर आहे. उदाहरणार्थ, उबुंटूवर व्हर्च्युअलबॉक्स चालू करताना "कर्नल ड्रायव्हर इन्स्टॉल नाही" असा संदेश येतो. याचा अर्थ व्हर्च्युअलबॉक्सचं स्वतःचं मॉड्यूल होस्टच्या कर्नलमध्ये बसलेलं नाही. चालू कर्नलचे हेडर पॅकेज टाका आणि व्हीबॉक्सकॉन्फिग ही आज्ञा ॲडमिन अधिकाराने चालवा. तरीही अडलं तर सिक्युअर बूट चालू आहे का ते बघा. सही नसलेलं मॉड्यूल सिक्युअर बूट आत येऊ देत नाही. अशा वेळी मॉड्यूलवर सही करून घ्यावी लागते किंवा बायोसमधून सिक्युअर बूट बंद करावं लागतं.

मशीन सुरू होते, पण आतल्या सिस्टिमला काहीतरी सापडत नाही, तर अडचण गेस्टची. यापुढे आपण गेस्टचंच बोलणार आहोत.

अडचण १: हार्ड डिस्क सापडत नाही

एक्सपीचा निळा सेटअप सुरू होतो आणि थोड्या वेळाने सांगतो की एकही हार्ड डिस्क नाही. किंवा निळी स्क्रीन येऊन शेवटी ७बी असलेला स्टॉप कोड दिसतो. दोन्हीचं कारण बहुधा एकच असतं: मशीनला साटा एएचसीआय कंट्रोलर दिलेला आहे आणि एक्सपीच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नाही.

जुन्या काळी यावर उपाय असा होता की सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबायचं आणि फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा. व्हर्च्युअल मशीनमध्ये नकली फ्लॉपीसुद्धा लावता येते, पण तो द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ असं करा:

१. मशीन पूर्ण बंद करा.
२. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा.
३. आयडीई कंट्रोलर जोडा, त्याचा प्रकार पीआयआयएक्स४ ठेवा.
४. डिस्कची फाइल साटावरून काढून आयडीईवर लावा आणि मशीन सुरू करा.

आयडीई एक्सपीच्या ओळखीचं आहे, त्यामुळे डिस्क दिसते. मशीन बनवतानाच यादीतून "विंडोज एक्सपी" हा प्रकार बरोबर निवडला असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स ही जुळणी स्वतःच करतो. म्हणून ती निवड घाईघाईत करू नका.

याचंच दुसरं रूप लिनक्सवरच्या केव्हीएममध्ये दिसतं. वेग चांगला मिळतो म्हणून आपण डिस्कला व्हर्टआयओ हा प्रकार देतो. मग विंडोज १० चा सेटअप "विंडोज कुठे टाकायचं" असं विचारतो आणि खाली यादी रिकामी! विंडोजच्या डीव्हीडीत व्हर्टआयओचे ड्रायव्हर नसतात. ते व्हर्टआयओ-विन नावाच्या आयएसओ फाइलमध्ये मिळतात. ती आयएसओ दुसरी सीडी म्हणून लावा, "लोड ड्रायव्हर" दाबा आणि व्हायओस्टोर फोल्डरमध्ये डब्ल्यू१०, त्यात एएमडी६४ निवडा. व्हर्टआयओ स्कझी कंट्रोलर घेतला असेल तर व्हायओस्टोरऐवजी व्हायओस्कझी हा फोल्डर घ्या.

इथे विद्यार्थी नेहमी विचारतात, "सर, माझा प्रोसेसर तर इंटेलचा आहे, मग एएमडी६४ कसं चालेल?" चालतं. ६४ बिटची ही रचना आधी एएमडीने आणली म्हणून ते नाव पडलं. इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरवर चालणाऱ्या विंडोजलाही हाच फोल्डर लागतो. ३२ बिट विंडोज असेल तर एक्स८६ घ्या.

एक फसवा संदेशही लक्षात ठेवा. विंडोज ७ नंतरचे सेटअप कधीकधी "तुमच्या कॉम्प्युटरला लागणारा मीडिया ड्रायव्हर नाही" असं म्हणतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये अनेकदा ड्रायव्हरचा दोष नसतोच, आयएसओ फाइल अर्धवट उतरलेली असते. पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही आज्ञा देऊन फाइलचा हॅश काढा आणि फाइल देणाऱ्याने दिलेल्या हॅशशी ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळं असेल तर फाइल पुन्हा उतरवा.

अडचण २: नेटवर्क नाही, म्हणून ड्रायव्हर नाही

हा तर कोंबडी आधी की अंडं असा प्रकार. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा! इथेही कार्ड बदला:

- विंडोज एक्सपी: व्हर्च्युअलबॉक्समध्ये पीसीनेट फास्ट ३ किंवा इंटेल प्रो/१००० टी सर्व्हर.
- विंडोज व्हिस्टा, ७ आणि पुढचे: इंटेल प्रो/१००० एमटी डेस्कटॉप. व्हिस्टापासून पीसीनेटचा ड्रायव्हर विंडोजबरोबर येत नाही.
- हायपर-व्हीमध्ये एक्सपी: पहिल्या पिढीची मशीन बनवा आणि लेगसी नेटवर्क ॲडाप्टर जोडा.
- व्हीएमवेअरमध्ये व्हीएमएक्सनेट३ चालत नसेल तर आधी इंटेलचं ई१००० प्रकारचं कार्ड द्या आणि व्हीएमवेअर टूल्स टाकल्यावर परत बदला.

कार्ड बदलायचं नसेल तर होस्टवर ड्रायव्हर उतरवा, त्याची आयएसओ बनवा आणि ती गेस्टला सीडी म्हणून लावा. नेटवर्क नसलं तरी सीडी चालते.

अडचण ३: स्क्रीन लहान, माऊस अडकतो

विंडोज टाकून झालं, पण स्क्रीन ८०० बाय ६०० वरच थांबली आहे. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. नकली ग्राफिक्स कार्डाचा खास ड्रायव्हर अजून टाकायचा आहे, एवढंच. व्हर्च्युअलबॉक्सच्या डिव्हाइसेस मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी लावा, आत जाऊन ती चालवा आणि मशीन रीस्टार्ट करा. गेस्ट लिनक्स असेल तर ही मॉड्यूल तिथेच तयार होतात, त्यासाठी जीसीसी, मेक आणि कर्नल हेडर आधी टाकलेले हवेत.

आवाज येत नसेल तर साउंड कार्डाचा प्रकार पाहा. एक्सपीला एसी९७ द्या, विंडोज ७ आणि पुढच्यांना इंटेल एचडी ऑडिओ. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नाही, त्यामुळे यूएसबीचं उपकरण चालत नसेल तर कंट्रोलर यूएसबी २ वर आणा.

पिवळं चिन्ह कोणाचं?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह दिसलं की आधी कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड १० म्हणजे डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला तपासता आली नाही.

मग प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी असं उघडा. त्यात व्हीईएन या अक्षरांपुढची चार चिन्हं म्हणजे बनवणाऱ्याचा क्रमांक:

- ८०८६: इंटेल
- १०२२: एएमडी
- ८०ईई: व्हर्च्युअलबॉक्स
- १५एडी: व्हीएमवेअर
- १एएफ४: व्हर्टआयओ

८०ईई दिसलं तर गेस्ट ॲडिशन्स टाका. १५एडी दिसलं तर व्हीएमवेअर टूल्स. १एएफ४ दिसलं तर व्हर्टआयओ-विनची सीडी. इंटरनेटवर "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणारे प्रोग्रॅम अजिबात टाकू नका. ड्रायव्हर नसण्याचा त्रास परवडला, पण व्हायरस नको.

दोन सवयी लावून घ्या

पहिली: ड्रायव्हर टाकण्याआधी स्नॅपशॉट घ्या. चुकलं तर दोन मिनिटांत मागे येता येतं.

दुसरी: विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला संपला. जुन्या फाइल उघडायच्या एवढंच काम असेल, तर नेटवर्क कार्ड काढूनच टाका. फाइल आयएसओतून आत न्या आणि शेअर्ड फोल्डरमधून बाहेर आणा. मग नेटवर्कच्या ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही! आणि काहीही करण्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. मशीन शंभरदा बनवता येते, पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी बसून टाइप केलेली स्मरणिका नाही.

सरावासाठी प्रश्न

१. होस्टमध्ये वायफाय असूनही गेस्टला वायरचं कार्ड का दिसतं?
२. एक्सपीची डिस्क साटावर दिसत नाही, आयडीईवर दिसते. कारण तुमच्या शब्दांत लिहा.
३. एका मशीनमध्ये कोड २८ आणि हार्डवेअर आयडीत १एएफ४ दिसतं. तुम्ही काय कराल?

उत्तरं वहीत लिहा आणि मग मशीनवर करून बघा. करून पाहिलेलं विसरत नाही.