संगणकावरील बांडगूळ व त्याचें निर्मूलन

घोलवड, बोर्डी व डहाणू या पट्ट्यांतील बागायतदाराच्या घरीं संगणक ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. सातबाऱ्याचा उतारा काढणें, दूरच्या पेठांतील चिकूचे भाव पाहणें, व्यापाऱ्याकडील रक्कम बँकेंत जमा झाली कीं नाहीं हें तपासणें, हीं कामें त्यावरच होतात. २०१६ सालीं 'डहाणू घोलवड चिकू' यास भौगोलिक मानांकन मिळालें. त्या नांवावर थेट गिऱ्हाइकास फळ विकूं इच्छिणाऱ्यास तर या यंत्रावांचून गत्यंतर नाहीं. म्हणून या यंत्रांत शिरणाऱ्या एका उपद्रवाची ओळख करून देऊन तो समूळ कसा काढावा, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उपद्रवाचें स्वरूप

इंटरनेटवरील पानें उघडून दाखविणारा जो प्रोग्रॅम, त्यास ब्राउझर म्हणतात. क्रोम, एज, फायरफॉक्स हीं त्याचीं परिचित नांवें होत. या ब्राउझरवर ताबा मिळवून मालकाच्या इच्छेविरुद्ध त्याला भलतीकडे नेणारें जें सॉफ्टवेअर, तें आपल्या विषयाचें होय. याचा स्वभाव बांडगुळासारखा आहे. पक्ष्यानें टाकलेलें चिकट बीं आंब्याच्या किंवा चिकूच्या फांदीवर रुजतें व त्याचीं मुळें फांदीच्या आंत शिरून तिचा रस शोषूं लागतात. झाड मरत नाहीं. परंतु त्याचें सत्त्व दुसऱ्याच्या कामीं येतें. त्याचप्रमाणें हा उपद्रव संगणक बंद पाडीत नाहीं. आपण जें जें शोधतों तें प्रथम आपल्या धन्याकडे नेऊन, मग जाहिरातींनीं भरलेलें पान तो पुढें करतो. आणि त्या जाहिरातींचा पैसा धन्यास मिळतो.

जून २०१७ मध्यें चेक पॉइंट या इस्रायली सुरक्षा-कंपनीनें 'फायरबॉल' नांवाच्या अशाच एका उपद्रवाची माहिती प्रसिद्ध केली. बीजिंग येथील राफोटेक या जाहिरात-कंपनीनें तो पसरविला असून, जगांत २५ कोटींहून अधिक व एकट्या भारतांत सुमारें २ कोटि ५३ लक्ष संगणक त्यानें ग्रासले आहेत, असा तिचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टनें हा आंकडा अतिशयोक्त ठरविला. तथापि त्या प्रकरणांतील मुख्य धडा आंकड्यांवर अवलंबून नाहीं. फायरबॉल दार फोडून आला नव्हता. लोकांनीं फुकट म्हणून घेतलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमांच्या गांठोड्यांतून तो आला. शिवाय एकदां आंत बसल्यावर वाटेल तो दुसरा प्रोग्रॅम आणून चालविण्याची शक्ति त्यास होती. आज केवळ जाहिराती दाखविणारा उपद्रव उद्यां पासवर्ड चोरणाऱ्यास आंत घेऊं शकतो.

नुकसान कोठें होतें

कित्येकांस वाटतें कीं, चार जाहिराती दिसल्यानें काय बिघडलें? समजा, पीककर्जासाठीं उतारा हवा म्हणून एखाद्यानें शोधपट्टींत 'सातबारा' हा शब्द घातला. ब्राउझर परक्याच्या ताब्यांत असेल, तर महाभूमीच्या खऱ्या पानाऐवजीं तसेंच दिसणारें दुसरें पान प्रथम येऊं शकतें. खऱ्या संकेतस्थळावरहि डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यास १५ रुपये शुल्क द्यावें लागतें. त्यामुळें पैसे मागितले म्हणून कोणास संशय येत नाहीं. मग कार्डाचा क्रमांक व मोबाइलवर आलेला गुप्त अंक त्या पानावर भरला जातो, आणि हंगामाची कमाई ज्या खात्यांत आहे त्याची किल्ली परक्याच्या हातीं जाते. यास्तव सरकारी पान उघडतांना वरच्या पत्त्यांत, पहिल्या तिरप्या रेघेच्या लगत आधीं, 'डॉट जीओव्ही डॉट इन' हीं अक्षरें आहेत कीं नाहींत, हें पाहण्याची संवय ठेवावी.

लक्षणें

आपण न बदलतां ब्राउझरचें पहिलें पान बदलणें. शोध घेतला असतां अनोळखी नांवाचें पान क्षणभर चमकून जाणें. ठेवल्याचें आठवत नाहीं असें साधन वरच्या पट्टींत दिसणें. आणि सर्वांत खात्रीचें लक्षण म्हणजे, आपण पूर्ववत् केलेली मांडणी संगणक पुन्हां सुरू करतांच परत बिघडणें. पडद्याच्या कोपऱ्यांत 'तुमच्या यंत्रांत व्हायरस सांपडले' अशा सूचना येत असतील, तर मात्र कित्येकदां मूळ उपद्रव नसून एखाद्या संकेतस्थळास आपण 'अलाऊ' म्हणून दिलेली परवानगी असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्यें नोटिफिकेशन्स या सदरांत जाऊन ती काढली म्हणजे काम भागतें.

पूर्वतयारी

संशय येतांच त्या यंत्रावर बँकेचा व्यवहार थांबवावा. महत्त्वाचीं कागदपत्रें व छायाचित्रें पेन ड्राइव्हवर उतरून घ्यावीं. प्रोग्रॅम मात्र उतरूं नयेत. पडद्यावर दिसणाऱ्या दुरुस्तीच्या जाहिरातीवर बोट ठेवूं नये व तींत दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनि करूं नये. औषधहि त्या ग्रासलेल्या ब्राउझरमधून शोधूं नये. कारण जो शोध बिघडवितो, तोच औषधाच्या नांवानें दुसरें विष पुढें करील. ज्यांस एकाच खात्यानें दोन यंत्रांवर ब्राउझर वापरण्याची संवय आहे, त्यांनीं 'सिंक' ही सोय प्रथम बंद करावी. नाहीं तर एका यंत्रावर काढलेलें साधन दुसऱ्यावरून परत येतें.

निर्मूलनाचा क्रम

बांडगुळाचीं पानें तोडलीं तर तें पुन्हां फुटतें. त्याचीं मुळें जेथवर गेलीं असतील त्याच्या खालीं फांदी कापावी लागते. येथेंहि पहिलें पान बदलून घेणें म्हणजे केवळ पानें तोडणें होय. म्हणून पुढील क्रम मोडूं नये. हा क्रम विंडोज असलेल्या यंत्रास अनुलक्षून दिला आहे.

प्रथम सेटिंग्जमधील ॲप्स या सदरांत जाऊन बसविलेल्या प्रोग्रॅमांची यादी तारखेप्रमाणें लावावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास जें अनोळखी कांहीं आलें असेल, तें 'अनइन्स्टॉल' करावें व यंत्र पुन्हां सुरू करावें. मूळ प्रोग्रॅम राहूं देऊन ब्राउझर साफ केल्यास श्रम फुकट जातात.

दुसरें, ब्राउझरमधील एक्स्टेन्शन्सची यादी उघडावी. जें साधन आपण जाणूनबुजून घेतलेलें नाहीं, तें नुसतें बंद न करतां काढून टाकावें. काढण्याची कळच दिसत नसेल आणि घरच्या यंत्रावर 'व्यवस्थापन तुमच्या संस्थेकडे आहे' असा मजकूर दिसत असेल, तर उपद्रवानें नियमावलींत आपली नोंद केली असण्याचा संभव आहे. कांहीं विश्वासू व्हायरसनाशकांमुळेंहि असा मजकूर दिसतो, हें ध्यानांत ठेवावें. ही नोंद 'रजिस्ट्री' नांवाच्या नाजूक भागांत असते. तेथें स्वतः हात न घालतां माहितगाराकडून ती काढवावी.

तिसरें, ब्राउझर ज्या चित्रावर टिचकी मारून आपण उघडतों, त्याची पाहणी करावी. त्यावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावें. 'टार्गेट' या ओळींत प्रोग्रॅमच्या नांवानंतर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटविलेला असेल, तर तें चित्र काढून नवें करावें. पुष्कळजण ही जागा विसरतात.

चौथें, ब्राउझरच्या सेटिंग्जमधून 'रिसेट' करावें. क्रोममध्यें असें केल्यानें पहिलें पान व शोधयंत्र मूळपदावर येतें आणि एक्स्टेन्शन्स बंद होतात. परंतु खुणा करून ठेवलेलीं पानें व जतन केलेले पासवर्ड जात नाहींत. म्हणून भिण्याचें कारण नाहीं.

पांचवें, नेटवर्क या सदरांत 'प्रॉक्सी' आपण लावलेली नसतां चालू आहे काय, तसेंच यंत्राबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांत कोणी अनोळखी आहे काय, हें पाहून दोन्ही बंद करावीं.

शेवटीं विंडोज सिक्युरिटीकडून संपूर्ण तपासणी करावी व नंतर 'ऑफलाइन' तपासणीहि करावी. या दुसऱ्या तपासणींत यंत्र पुन्हां सुरू होतें व विंडोज जागें होण्यापूर्वींच शोध घेतला जातो. त्यामुळें लपून बसलेला उपद्रवहि सांपडण्याचा संभव वाढतो. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेंहि फेब्रुवारी २०१७ पासून अशीं साधनें विनामूल्य उपलब्ध करून दिलीं आहेत. इतकें करूनहि घरांतील सर्वच यंत्रांवर तोच त्रास दिसत असेल, तर दोष राउटरमध्यें असूं शकतो. तो मूळस्थितीस आणून त्याचा पासवर्ड बदलावा.

पुढील खबरदारी

यंत्र शुद्ध झाल्यावर, किंवा त्यापूर्वीं दुसऱ्या शुद्ध यंत्रावरून, बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड बदलावे आणि खात्याचा उतारा ओळीनें वाचावा. रक्कम गेल्याचें दिसल्यास बँकेस व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावें. पैसा पुढील खात्यांत सरकण्यापूर्वीं अडविला गेला, तरच तो परत मिळण्याची आशा असते.

नवा प्रोग्रॅम त्याच्या कर्त्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा, आणि बसवितांना 'पुढें, पुढें' असें न दाबतां प्रत्येक चौकट वाचावी. बरोबर येणाऱ्या पाहुण्यास संमति देणारी खूण तेथेंच आधींपासून केलेली असते, ती पुसावी. घरांतील मुलांस वापरावयास प्रशासकाचे अधिकार नसलेलें वेगळें खातें काढून द्यावें. विंडोज १० चा नेहमींचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. ज्यांचीं यंत्रें अद्याप त्यावर चालतात, त्यांनीं नव्या आवृत्तीची सोय करावी.

बागेंत बांडगूळ दिसतांच जो कोयता घेतो त्याची फांदी जाते, जो वर्षभर चालढकल करतो त्याचें झाड जातें. संगणकाविषयींहि आपल्या बागायतदारांनीं हीच तत्परता दाखवावी, अशी आमची सूचना आहे.