स्टार्टर 'कट् कट्' करतो तेव्हा

मिस्साहून परतताना मोटारसायकलचा हॉर्न घोगरा वाजला की आपण म्हणतो, उद्या बघू. मग एखाद्या रात्री आजाऱ्याला मुडबीहून बसवकल्याणला न्यायचे असते आणि स्टार्टर नुसता 'कट् कट्' करतो.

बॅटरी गेली असे समजून नवी आणण्यापूर्वी तिची टर्मिनले पाहावीत, असे आमचे सांगणे आहे. त्यांवर पांढरट-हिरवट थर धरला की वीज पुढे नीट जात नाही. चावी बंद करून आधी ऋण तार सोडावी, मग धन. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून घासावे, कोरडे करून व्हॅसलीन लावावे. जोडताना ऋण तार शेवटी.

पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार आतल्या पट्ट्या खराब करतात. आत डोकावताना बिडी किंवा दिवा जवळ नको, निघणारा वायू पेट घेतो. ॲसिड डोळ्यात उडाले तर निदान 15-20 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून तडक दवाखाना गाठावा.

इंजिन बंद असताना मीटरवर 12.6 व्होल्ट आले तर 12 व्होल्टची बॅटरी भरलेली समजावी. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर आकडा 13.5 ते 14.5 पर्यंत चढला नाही तर दोष चार्जिंगचा. तिथे नवी बॅटरीही उतरेल. फ्यूज तितक्याच अँपिअरचा घालावा, तार गुंडाळू नये. गाडी कडब्याजवळ उभी असते त्यांनी उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही तपासाव्यात.

जुनी गाडी किक मारून निघेलही. 2020 नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पुरती उतरली की किकचाही बहुधा उपयोग होत नाही.