घरच्या घरी हाय प्रेशर एरोपोनिक्स: आधी एक ड्रम, मग कर्ज



परवाच्या व्हिडिओत ड्रम जोडून दाखवला, पण आकडे आणि माझ्या चुका सांगायला वेळ पुरला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. व्हिडिओ बघून बाजारात पार्ट घ्यायला निघाला असाल तर पाच मिनिटं थांबा, हे वाचून जा.

सुरुवात एका मुलापासून करतो. दिवाळीनंतर आमच्या शनिवारच्या बॅचला तो आला. डिप्लोमा झालेला, वय २३-२४, वडिलांचं छोटं किराणा दुकान. मोबाईलमध्ये एक कोटेशन होतं. १० बाय १२ च्या खोलीत 'एरोपोनिक केशर', खर्च ४ लाख ८० हजार, वर 'माल आम्हीच परत घेणार' अशी ओळ. आईचे दागिने सोनेतारणला ठेवायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. त्याने एकच विचारलं, "सर, करू का?"

मी म्हटलं, "यात नोझल किती आहेत ते सांग."

त्याने कोटेशन वर-खाली केलं. रॅक होते, एसी होता, ह्युमिडिफायर होता, ट्रे होते. नोझल एकही नव्हतं. पंपही नव्हता.

मित्रांनो, केशराचा कंद स्वतःच्या पोटात साठवलेल्या अन्नावर फुलतो. थंड, दमट खोलीत नुसता ट्रेमध्ये मांडून ठेवला तरी फूल येतं. पण फूल येऊन गेल्यावर पुढच्या वर्षीसाठी नवीन कंद धरायचे तर त्याला माती किंवा तसंच काही माध्यम आणि खत लागतं. काही लोक हे मन लावून करतात, मी त्याला फसवणूक म्हणत नाही. पण मुळांवर फवारा नाही तिथे एरोपोनिक्स नाही. त्या शब्दाचे वेगळे पैसे कुणी लावत असेल तर ते देऊ नका.

मी त्याला म्हटलं, "मला ६० दिवस दे. तुझ्या घरी एक ड्रम चालवून दाखव. मग दागिन्यांचं बोलू."

आता खरं एरोपोनिक्स म्हणजे काय ते बघू. रोप वर झाकणात अडकवलेलं, मुळं खाली अंधाऱ्या ड्रममध्ये हवेत लटकलेली, आणि त्या मुळांवर खत मिसळलेल्या पाण्याचं बारीक धुकं थोड्या थोड्या वेळाने सोडायचं. मुळांना पाणी तर हवंच, पण ऑक्सिजनही तितकाच हवा, आणि लटकलेल्या मुळांना तो भरपूर मिळतो. थेंब साधारण ५० मायक्रॉनच्या आसपास असला तर काम होतं. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन, त्यावरून अंदाज घ्या. असा बारीक थेंब काढायला ८० ते १०० पीएसआय दाब लागतो. साध्या टुल्लू पंपाने स्प्रिंकलर फिरवला तर जाड थेंब पडतात, मुळं ओलीचिंब राहतात, रोप जगतंही, पण ते लो प्रेशर. हाय प्रेशरमध्ये सगळं नीट जमलं तर मुळांना कापसासारखी पांढरी लव येते. ती दिसली की समजायचं सिस्टीम बरोबर चालली आहे.

आणि तो पाण्यात बुडवायचा अल्ट्रासॉनिक फॉगर असतो ना, स्वस्तातला? तो नको. दिसायला धूर झकास दिसतो, पण फॉगर पाणी तापवतो आणि त्याचा थेंब गरजेपेक्षा फारच बारीक असतो. रील बनवायला ठीक आहे.

हाय प्रेशर ऐकून घाबरू नका. आपल्याकडे निम्मे पार्ट आरओवाल्याकडे मिळतात. माझं दुकानच आरओ आणि प्लंबिंग स्पेअरचं आहे, म्हणून मी या भानगडीत पडलो. आरओचा २४ व्होल्टचा बूस्टर पंप, त्याचा अॅडाप्टर, पाव इंची पाइप, क्विक कनेक्टर, इनलाइन फिल्टर, सोलेनॉइड. हे सगळं एका पिशवीत येतं. पण इथेच दोन चुका होतात, आणि दोन्ही मी केल्या आहेत.

पहिली चूक, पंप थेट नोझलला जोडणं. मुळांना फवारा हवा फक्त ३ सेकंद, दर ५ मिनिटांनी. पंप सुरू झाल्यावर दाब चढायला दोन-तीन सेकंद जातात. म्हणजे त्या ३ सेकंदांत धुकं येतच नाही, नोझल नुसतं थुंकतं. पंप बंद झाला की उतरत्या दाबात परत ठिबकतं. मी पंधरा दिवस नोझल बदलत बसलो होतो. दोष नोझलचा नव्हताच.

यावर उपाय म्हणजे प्रेशर टाकी. आरओची ती लोखंडी, आत रबरी फुगा असलेली १२ लिटरची टाकी बघितली असेल. पंप टाकी भरतो, टाकी दाब धरून ठेवते, आणि टाकीनंतर नोझलच्या अगदी जवळ बसवलेला सोलेनॉइड टायमरवर ३ सेकंद उघडतो. पहिल्या क्षणापासून पूर्ण दाब मिळतो. पंप आणि टाकी यांच्यामध्ये एक एनआरव्ही टाका, नाहीतर दाब मागे उतरतो आणि पंप उगाच चालू-बंद होत राहतो.

दुसरी चूक, आरओचा तयार हाय प्रेशर स्विच वापरणं. तो घरगुती टाकीसाठी असतो, फार कमी दाबालाच पंप बंद करतो. इथे अॅडजस्टेबल प्रेशर स्विच लागतो. मी ७० ला चालू आणि ९० ला बंद ठेवलाय. १०० च्या वर का नेत नाही? टाकीवर कमाल दाब छापलेला असतो, तो वाचा आणि त्याच्या खालीच राहा. सोलेनॉइडवरही बघा. ०.८ एमपीए लिहिलं असेल तर ते साधारण ११६ पीएसआय होतात. टाकी रिकामी असताना तिच्या व्हॉल्व्हमधून हवा ६५ पीएसआयपर्यंत भरून घ्यायची, कारण आरओसाठी येते तेव्हा तिच्यात हवा अगदीच कमी असते. गल्लीतला पंक्चरवाला भरून देतो. माझ्याकडे त्याने विचित्र नजरेने बघितलं, पण पैसे घेतले नाहीत.

९० पीएसआय म्हणजे खेळ नाही. पहिल्याच रात्री माझा एक कनेक्टर निसटला आणि सिस्टीमने आईच्या लोणच्याच्या बरण्यांना खत घातलं. तेव्हापासून टाकीनंतर एक साधा बॉल व्हॉल्व्ह असतो आणि कटर वापरून पाइप सरळ कापतो. तिरका कापलेला पाइपच सुटतो. ओल्या जागेत वीज आहे, त्यामुळे आरसीसीबीवरच्या पॉइंटशिवाय प्लग लावू नका.

आता ज्या गोष्टीने माझं खरं नुकसान झालं ती सांगतो. गेल्या एप्रिलमध्ये माझ्याकडे तीन ड्रम होते आणि एका कॅफेला आठवड्याला लेट्यूस द्यायचा शब्द दिला होता. पहिली डिलिव्हरी शनिवारी. गुरुवारी दुपारी लाईट गेली. मी दुकानात, घरी कुणी नाही. संध्याकाळी घरी आलो तर तिन्ही ड्रममधलं प्रत्येक रोप झाकणावर आडवं पडलेलं. मातीत रोप दोन दिवस तग धरतं. हायड्रोपोनिक्समध्ये मुळं निदान पाण्यात असतात. इथे मुळं हवेत आहेत, फवारा थांबला की सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी तासा-दोन तासांत खेळ संपतो. कॅफेवाला वाईट बोलला नाही, पण त्याने नंतर पुण्याहून माल सुरू केला. तो ऑर्डर परत आला नाही.

त्या रात्री चिडून कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की उत्तर समोरच होतं. लाईट गेली तरी टाकीत दाब होताच! बंद पडला होता तो फक्त सोलेनॉइड आणि टायमर. हिशोब बघा. सहा नोझल, प्रत्येक मिनिटाला साधारण ९० मिली. ३ सेकंदांच्या एका फवाऱ्यात २७ मिली. तासाला १२ फवारे, म्हणजे ३२४ मिली. टाकी ९० वरून ७० पर्यंत उतरताना दोन लिटरच्या आसपास पाणी देते. म्हणजे पंपाशिवाय सहा तास! आता माझा सोलेनॉइड आणि टायमर १२ व्होल्टचे आहेत आणि यूपीएसच्या ७ एएचच्या बॅटरीवर चालतात, बॅटरी चार्जरला लावलेली. पंप फक्त लाईट असताना टाकी भरतो. साडेनऊशे रुपयांची बॅटरी आधी लावली असती तर कॅफे माझ्याकडे असता. सोलेनॉइड 'नॉर्मली क्लोज्ड' प्रकारचाच घ्या, नाहीतर करंट गेला की उघडा राहून सगळी टाकी रिकामी होईल.

पाण्याबद्दल. आमच्याकडच्या बोअरचा टीडीएस मीटरवर हजाराच्या पुढे जातो. ०.४ मिलिमीटरच्या नोझलला हे पाणी आठवडाभरात बुजवतं. आरओचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र नाही, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. दर रविवारी नोझल काढून सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात बुडवून ठेवतो. पितळी नोझल टाळा, आम्लधर्मी द्रावणात त्यातलं तांबं-जस्त सुटतं. स्टील किंवा प्लास्टिकचं घ्या.

खताला कृषी केंद्रातलं १९:१९:१९ चालेल का, असं प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतं. एकट्याने नाही चालणार. त्यात कॅल्शियम नाही आणि नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात आहे, तो मातीतले जिवाणू फोडतात तेव्हा झाडाला नीट मिळतो. इथे माती कुठाय? हायड्रोपोनिक्सचं ए आणि बी असं दोन बाटल्यांचं खत मिळतं ते घ्या. दोन बाटल्या मुद्दाम असतात, कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट घट्ट द्रावणात एकत्र आले की खाली पांढरा गाळ बसतो. पालेभाजीला ईसी १.२ ते १.६ आणि पीएच ५.५ ते ६.५. झालं.

उष्णता हा मात्र अजून न सुटलेला विषय आहे. द्रावण थंड असेल तितका त्यात ऑक्सिजन टिकतो, २० अंशांच्या आसपास उत्तम. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर. ३० अंशांच्या पुढे मुळं तपकिरी होऊन कुजायला लागतात. ड्रमला आतून थर्माकोल, वर शेडनेट, खताच्या बादलीभोवती ओलं गोणपाट, एवढं करून चार-पाच अंश उतरतात. त्यामुळे मार्चनंतर मी लेट्यूस लावतच नाही. तो तुरा काढतो आणि कडू होतो. पुदिना आणि बेसिल लावतो.

आता पैशांचं, ज्यासाठी तुम्ही इथवर वाचलंत. माझ्या बिलांप्रमाणे एक ड्रम पंप, टाकी, बॅटरी, मीटर, खत सगळं धरून १० हजारांच्या आसपास जातो. एका ड्रमला २० रोपं, ४५ दिवसांत दीडशे ग्रॅमप्रमाणे ३ किलो. २०० रुपये किलोने ६०० रुपये. खत, पाणी, वीज १५० जाऊन हातात ४५०. वर्षात उन्हाळा सोडून पाच-सहा पिकं, म्हणजे साधारण अडीच हजार. भांडवल सुटायला चार वर्षं, तेही तुमची मजुरी शून्य धरून. ड्रम वाढवले तर एकच पंप-टाकी वाटून घेता येते, खर्च उतरतो, पण जागा आणि ग्राहक आपोआप वाढत नाहीत. नासाच्या एका प्रकाशनात ९८ टक्के पाणी वाचतं असा आकडा छापून आला होता, तोच सगळीकडे फिरतो. पाणी खरंच वाचतं. पण त्या आकड्यात विजेचं बिल नाही आणि गिऱ्हाईक तर नाहीच.

मग हे तंत्र कमावतं कुठे? जिथे मुळं हाच माल आहे तिथे. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने एरोपोनिक्सवर बटाट्याचं रोगमुक्त बियाणं तयार करायचं तंत्र बसवलंय. २०२२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने ग्वाल्हेरसाठी ते घेतलं. एका रोपावरून तयार झालेले छोटे कंद पुन्हापुन्हा तोडता येतात, मातीतला रोग लागत नाही. पण त्याला टिश्यू कल्चरची रोपं आणि कीडरोधक जाळीघर लागतं, ते गॅलरीतलं काम नाही. गॅलरीत होण्यासारखं दुसरं आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये एरोपोनिक्सचं जे यंत्र पहिल्यांदा बाजारात आलं ते पिकासाठी नव्हतंच, फांद्यांच्या छाटांना मुळं फोडण्यासाठी होतं.

त्या मुलाने तेच धरलं. त्याचे ६० दिवस झाले. पहिली लेट्यूसची बॅच त्याने घालवली, पीएच मीटर कॅलिब्रेट न करता वापरला. दुसऱ्या वेळी झाकणाला छोटी ६० भोकं पाडली, मोगरा आणि जास्वंदीचे छाट रूटिंग पावडर लावून बसवले. जास्वंदीला अठराव्या दिवशी मुळं दिसली. जवळच्या नर्सरीवाल्याने ४१ छाट १२ रुपयांप्रमाणे घेतले, म्हणजे ४९२ रुपये, रोख. मोगऱ्याचे निम्म्याहून जास्त काळे पडले, का ते आम्ही दोघं अजून शोधतोय. मला वाटतं फवारा जास्त होतोय, त्याला वाटतं छाट फार कोवळे घेतले.

दागिने घरीच आहेत. केशरवाल्यांचा फोन त्याला अजून येतो, आता तो त्यांना नोझल किती ते विचारतो. पुढच्या शनिवारी तो मोगऱ्याचे दोन गट करून आणणार आहे, एक ३ सेकंदांवर, एक दीड सेकंदावर. दोन्ही ड्रम उघडताना व्हिडिओ करू.