अनंताचा हिशेब : चार गैरसमज

जबलपूरच्या ओमती भागातल्या चहाच्या टपरीवर प्रत्येकाच्या हातात एकेक कप आहे, एकही कप उरलेला नाही. माणसं आणि कप सारखेच, मोजायचं कशाला? संच सिद्धांत याच ‘एकास एक संगती’तून सुरू होतो. जबलपूरला तो परका नाही. इथल्याच लक्ष्मीचंद्र जैन यांनी 1973 मध्ये जैन गणितातील संच सिद्धांतावर शोधनिबंध लिहिला.

गैरसमज : अनंत म्हणजे अनंत; त्यात लहानमोठं काय?
वस्तुस्थिती : 1 ला 2, 2 ला 4, 3 ला 6 अशी जोडी लावली की नैसर्गिक संख्या आणि सम संख्या सारख्याच भरतात. पण रेषेवरच्या सगळ्या बिंदूंशी नैसर्गिक संख्यांची अशी संगती लागूच शकत नाही, हे गेऑर्ग कँटर यांनी 1874 मध्ये सिद्ध केलं. तो अनंत मोठा.

गैरसमज : हे आपल्याकडे आधीच सिद्ध झालं होतं.
वस्तुस्थिती : हिरालाल जैन यांनी 1939 पासून अमरावतीहून ‘षट्खंडागम’ हा जैन ग्रंथ वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेसह प्रसिद्ध केला. त्यात एक युक्ती आहे : एकीकडे गेलेल्या काळाचे क्षण, दुसरीकडे जीव; दोन्हींतून एकेक काढत जा. क्षण संपतात, जीव उरतात. हजार वर्षांहून जुनी ही कल्पना थक्क करते. पण एक जोडणी फसल्यानं काही सिद्ध होत नाही. 2 ला 2, 4 ला 4 लावलं तर विषम संख्या उरतातच! कोणतीच जोडणी जमणार नाही, हे दाखवावं लागतं. ते कँटर यांचं काम.

गैरसमज : मनात येईल तो समूह म्हणजे संच.
वस्तुस्थिती : स्वतःचे घटक नसलेल्या सर्व संचांचा संच स्वतःचा घटक आहे का? ‘हो’ म्हटलं तर ‘नाही’ निघतं, ‘नाही’ म्हटलं तर ‘हो’. बर्ट्रांड रसेल यांना 1901 मध्ये सापडलेल्या या पेचानंतर, 1908 मध्ये एर्न्स्ट झर्मेलो यांनी संच कसे बनवावेत याची गृहीतकं मांडली.

गैरसमज : गृहीतकं ठरली, वाद मिटला.
वस्तुस्थिती : नैसर्गिक संख्या आणि रेषेचे बिंदू यांच्या मधला एखादा अनंत असतो का? प्रचलित गृहीतकं सुसंगत असतील, तर त्यांतून ‘असतो’ हे सिद्ध होणार नाही, असं कुर्ट गोडेल यांनी 1938 मध्ये दाखवलं. ‘नसतो’ हेही होणार नाही, असं पॉल कोहेन यांनी 1963 मध्ये. मग खरं उत्तर कुठेतरी आहे आणि त्यासाठी नवं गृहीतक शोधायचं, की दोन्ही उत्तरं चालतील? यावर गणितज्ञांचं आजही एकमत नाही.