आंबीची अक्षरे किती?

मावळात तळेगाव दाभाडेजवळ असलेल्या ‘आंबी’ या गावाच्या नावात मराठी माणूस दोन अक्षरे मोजतो: आं आणि बी. पायथॉन या संगणकभाषेने तोच शब्द एका आवृत्तीत बारा मोजला, पुढच्या आवृत्तीत चार.

१९९१च्या ‘इस्की’ मानकात दर चिन्हाला एक बाइट लागे. आ, अनुस्वार, ब आणि वेलांटी मिळून आंबी चार बाइटांत मावे. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागू लागले. सी भाषेच्या एकेरी अवतरणात ‘आ’ एकटाही नीट बसेना; अवतरणाआधी एल लावण्याची सोय १९८९च्या मानकात आधीच होती, २०११च्या मानकाने यू लावण्याचीही केली. तिथले बाकीचे बारकावे रटाळ आहेत.

खरी ओढाताण झाली ती पायथॉनची, २००८ ते २०२० या काळात. दुसऱ्या आवृत्तीत साध्या अवतरणातला मजकूर म्हणजे नुसते बाइट, म्हणून बारा. आधी ‘यू’ लावला की चार. डिसेंबर २००८मध्ये ३.० आली. साधे अवतरण युनिकोडचे झाले आणि ‘यू’ चक्क व्याकरणदोष ठरला. नियम सोवळा होता, पण त्याचा फटका बसला तो इमानेइतबारे ‘यू’ लावून मराठी सांभाळणाऱ्यांना. इंग्रजीपलीकडे कधी न पाहिलेल्यांच्या अवतरणांना धक्काही लागला नाही. हा हट्ट पावणेचार वर्षे टिकला. सप्टेंबर २०१२मध्ये ३.३ने ‘यू’ परत घेतला, पण शोभेपुरता. इथे भाषा आहे आणि तिथे नुसते बाइट, हे एका अक्षरात सांगणारी ती खूण होती. तिचा अर्थच गेला. १ जानेवारी २०२०ला दुसऱ्या आवृत्तीचा आधार संपला. पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमातून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला पायथॉन शिकणाऱ्या आंबीतल्या मुलांना हा ‘यू’ जुन्या फायलींतच भेटला तर भेटला.

चारचा हिशेबही मराठीचा नव्हेच. तिसऱ्या आवृत्तीत ‘आंबी’ हे चलाचे नाव म्हणून चालते, पण यात सगळी अक्षरेच आहेत का, असे पायथॉनच्या ‘इझअल्फा’ या तपासणीला विचारले तर उत्तर नकारार्थी येते, कारण अनुस्वार आणि वेलांटी त्याच्या लेखी अक्षरे नाहीत. ‘आरई’ मॉड्यूलच्या नेहमीच्या साच्याने शब्द शोधायला सांगितले, तर त्याच कारणाने ‘आ’ आणि ‘ब’ असे दोन तुकडे हाती येतात. शब्द उलटा केला की वेलांटी आधाराविना सर्वांत पुढे येते. ‘रेजेक्स’ हे बाहेरचे मॉड्यूल बसवून अक्षरगट मोजायला लावले, तर मात्र उत्तर दोन येते.