खडीच्या खाणीआधी विहिरीत डोकावा

पेण-रोह्याचे डोंगर काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे. सलग पाषाणात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत साठतं. खडीसाठी आधी मुरूम काढला जातो, मग भेगांचा खडक सुरुंगाने फुटतो. म्हणून खाणीचा तळ मे महिन्यातल्या भूजलपातळीच्या वर राहणार की खाली, हा पहिला प्रश्न. खाली गेला, तर खड्ड्यात झिरपणारं पाणी उपसावं लागतं आणि आसपासच्या विहिरी आटू शकतात.

मोजमाप सोपं आहे. टेपला वजन बांधून विहिरीत सोडा, पाण्यापर्यंतचं अंतर घ्या, त्यातून कठड्याची उंची वजा करा. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा. एकाच भेटीच्या आकड्यांवर अहवाल उभा राहत नाही. भोगावती, कुंडलिका किंवा अंबा नदीला मिळणाऱ्या ओढ्यांचं पाणी मात्र भर पावसात तपासावं, खाणीच्या वर आणि खाली. जानेवारीतल्या नितळ नमुन्यात गाळ कुठून दिसणार?

हे आकडे मांडायची जागाही आहे: २०१६च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार खाणींसाठीच्या जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा हरकतींसाठी २१ दिवस खुला ठेवावा लागतो. आपल्या विहिरीचे आकडे त्या मुदतीत लेखी द्या.